पिकअपला जादा डिझेल फिल्टर बसवून दहा महिने झाले, त्याचा अनुभव

गेल्या मे महिन्यात माझ्या पिकअपला कंपनीच्या फिल्टरच्या आधी आणखी एक डिझेल फिल्टर बसवून घेतला. पाणी वेगळं करणारा, खाली पारदर्शक वाटी आणि वाटीच्या बुडाला ड्रेन नट असलेला. आता मार्च चाललाय. मधे अख्खा पावसाळा आणि कांद्याचा पूर्ण सीझन गेला, पस्तीस हजार किलोमीटरच्या वर गाडी पळाली. आता लिहायला हरकत नाही.

गाडी २०१८ ची, बीएस-फोर (धुराच्या प्रदूषणाचा तेव्हाचा नियम), कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जोराच्या दाबानं डिझेल देणारी. मार्केट यार्डातून कांदा, सांगोल्याकडून डाळिंब, परतीला मिळेल ते भाडं. फिल्टर बसवायचं कारण त्याच्या आधीच्या पावसाळ्यात घडलं. सांगोल्याहून डाळिंबाचे क्रेट भरून पुण्याला निघालो होतो. टेंभुर्णी सोडली आणि गाडी ओढेना. तिसऱ्यावर चढ चढायची ती दुसऱ्यावर येऊ लागली, मग मिसिंग, मग पांढरा धूर, आणि भिगवणजवळ पार बंद. माल दुसऱ्या गाडीत टाकून पाठवला, पण तो पोचेपर्यंत सौदे उरकले होते. शेतकऱ्यानं फोनवर एका शब्दानं बोल लावला नाही, त्याचंच जास्त लागलं. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे नोझल, उघडले तर दोन कामातून गेलेले. डिझेलमधलं पाणी आणि गंज. ३६ हजारांचं बिल झालं, सहा दिवस गाडी उभी आणि बँकेचा हप्ता चालूच.

तेव्हापासून या विषयात डोकं घातलं. टायरमध्ये आपण पन्नास-साठ पीएसआय हवा भरतो, म्हणजे साडेतीन-चार बार. या इंजिनांच्या रेलमध्ये, म्हणजे त्या नळीत, डिझेल पंधराशे-सोळाशे बारपर्यंत दाबलं जातं. इंजेक्टरच्या आत सुई आणि बॉडीमधली फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. एवढ्या बारीक जागेत गंजाचा कण गेला की घासणारच. त्यात पंप आणि इंजेक्टर यांना वंगण म्हणून वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्यांचं वंगण. तिथं पाणी आलं की लोखंडावर लोखंड कोरडं चालतं.

आता बसवण्याबद्दल. टाकीकडून येणाऱ्या लाइनवर, चेसिसच्या आतल्या बाजूला, सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बसवला. चाकानं उडालेला खडा वाटीवर बसू नये म्हणून पुढं पत्र्याची ढाल लावली. हे दोन्ही आधी ठरवून घ्या, आपल्याकडं उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो आणि खाली इंजिनची धग वेगळी. जाळी ३० मायक्रॉनची घेतली. दुकानदार दहाचीच गळ्यात मारत होता, ‘जितकी बारीक तितकी चांगली’ म्हणून. ते चूक आहे. आधी जाड, मग बारीक. माझ्या गाडीत पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. त्या ओढीच्या बाजूला फार बारीक जाळी लावली तर पंपाला डिझेल पुरत नाही आणि भरल्या गाडीला चढावर ताकद राहत नाही. बारीक काम कंपनीचा फिल्टर करतोच. हिटरवालं मॉडेल घेऊ नका, सोलापूरच्या थंडीत डिझेल गोठत नाही. फिल्टर, पाइप, क्लिपा, मजुरी सगळं मिळून साडेचार हजार गेले.

पहिला महिना मात्र मनस्तापाचा गेला. आठ-दहा दिवसांतच सकाळी स्टार्ट घेईना. प्रायमर (हातानं डिझेल ओढायचा छोटा पंप) दाबदाबून अंगठा दुखायचा, मग चालू व्हायची. एकदा चालू झाली की दिवसभर काही तक्रार नाही. मेस्त्री म्हणाला, “मालक, फिल्टर कितीबी लावा की, लाइननं एअर घेतली तर सगळं वाया.” त्यानं फिल्टरच्या पुढं पारदर्शक पाइपाचा वीतभर तुकडा जोडला आणि आम्ही दोघं बोनेट उघडून बघत बसलो. मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक जात होते. ओढीच्या बाजूची लाइन फुटली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून खाली थेंब शोधून उपयोग नाही. दोष निघाला पाइपात. बसवताना साधा रबरी पाइप घातलेला होता, डिझेलनं आणि उन्हानं तो तोंडाशी कडक होऊन क्लिपेखाली चिरला होता. डिझेलसाठीचाच पाइप घातला, वायशर बदलले, त्यानंतर आजपर्यंत सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते.

दुसरी गोष्ट, तीन हजार किलोमीटरवरच नवा फिल्टर चोंदला. मला वाटलं माल डुप्लिकेट. पण टाकी उतरवली तर बुडाला तपकिरी गाळाचा थर. जुन्या गाडीची टाकी धुतल्याशिवाय हा खर्च करूच नका, आधी टाकी, मग फिल्टर.

खरी किंमत कळली पावसाळ्यात. मंगळवेढ्याकडं एका खेड्यात अडलो होतो, कॅनमधलं वीस लिटर डिझेल घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी मारून बघितलं तर वाटीत खाली बोटभर वेगळा थर, वरचं डिझेल पिवळसर आणि मधे सरळ रेघ. ड्रेन नट दोन आटे सैल करून पाण्याच्या बाटलीत काढून घेतलं. खाली गढूळ पाणी, त्यात काळसर तंतू तरंगत होते. एवढं सगळं पूर्वी कंपनीच्या फिल्टरवर आणि त्याच्या पुढं जात होतं. नंतर सवयच लागली: पावसाळ्यात रोज, एरवी आठवड्यातून एकदा वाटी बघायची. रात्री टाकी अर्धी ठेवत नाही, रिकाम्या जागेतल्या हवेची वाफ थंड पत्र्यावर धरते आणि तेच पाणी खाली उतरतं.

ॲव्हरेज वाढतं असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. भरल्या गाडीला बाराच्या आसपास आधीही होतं, आताही आहे. गाडीच्या ताकदीतही फरक नाही. फरक बघायचा तर दहा हजार किलोमीटरवर काढलेला कंपनीचा फिल्टर मी ब्लेडनं कापून बघितला. पूर्वीचा आत काळा चिकट निघायचा, हा कागद फिकट पिवळा होता, घडीघडीतून स्वच्छ. त्या दिवशी साडेचार हजार वसूल झाले असं मला वाटलं.

मेव्हण्यानं नवी बीएस-सिक्स गाडी घेतली, त्यालाही बसवायचा होता. मी थांबवलं. वॉरंटीतल्या गाडीची डिझेल लाइन कापली आणि उद्या इंजेक्टर गेला तर कंपनी त्या कापलेल्या जागेवरच बोट ठेवणार. त्याला म्हटलं, वॉरंटी संपेपर्यंत कंपनीचाच फिल्टर वेळेआधी बदल आणि डॅशबोर्डवर डिझेलमधल्या पाण्याचा दिवा लागला तर ‘पुढच्या गावात बघू’ म्हणू नको, तिथंच गाडी बाजूला घे.