चालणं जमत नव्हतं, म्हणून ताकदीचा व्यायाम: फॅटी लिव्हरसाठी घेतलेल्या फिजिओथेरपीचा अनुभव

ज्यांना फॅटी लिव्हर आहे आणि गुडघ्यांमुळे चालणं होत नाही, त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय. माझं वय ४९, राहायला लातूरला, काम आडत दुकानावर हिशेबाचं, म्हणजे दिवसभर बैठक. गेल्या पावसाळ्यात सोनोग्राफीत ग्रेड दोनचं, म्हणजे मध्यम, फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये चरबी साठणं) निघालं. एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासणीतला आकडा) ७८, शुगर काठावर, कंबर ९६ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० च्या आत असावी असं डॉक्टर सांगतात. पहिल्या दवाखान्यात लिव्हर टॉनिकची बाटली मिळाली आणि "रोज तासभर चाला, वजन उतरवा" एवढं ऐकायला मिळालं. गुडघ्यांची झीज सुरू झालेली, तासभर कुठून चालणार? हे बोलेपर्यंत पुढच्या पेशंटला हाक गेली होती. त्याचा राग मला अजून आहे, कारण चालता न येणाऱ्यालाही करण्यासारखं पुष्कळ असतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी फायब्रोस्कॅन करायला लावला, लिव्हर कडक झालेलं नाही याची खात्री केली आणि थेट फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी दिली. तिथल्या ताईंनी पहिल्या भेटीत व्यायाम सांगितलाच नाही. हाताची पकड मोजली, ३० सेकंदांत हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते पाहिलं, बीपी घेतलं आणि मग समजावून सांगितलं. जेवणातली साखर रक्तातून उचलण्याचं सगळ्यात मोठं काम स्नायू करतात. ते कमी पडले, इन्सुलिनला दाद देईनासे झाले, की जास्तीची साखर लिव्हरकडे वळते आणि तिथे तिची चरबी होते. आडतीच्या भाषेत सांगायचं तर गोदामात जागा नसली की माल नको तिथे उतरतो. स्नायूंना कामाला लावणं म्हणजे गोदाम मोकळं करणं. त्यांनीच इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांचा २०११ चा एक छोटा अभ्यास सांगितला: आठ आठवडे फक्त ताकदीचे व्यायाम केलेल्यांच्या लिव्हरमधली चरबी आधीपेक्षा साधारण १३ टक्क्यांनी कमी झाली, तेही वजन न उतरता. मला धीर आला तो या शेवटच्या वाक्याने.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, पाठीवर झोपून कंबर उचलणं, टाचा उचलणं, आणि खिडकीच्या गजाला रबरी बँड अडकवून तो दोन्ही हातांनी छातीकडे ओढणं. प्रत्येकी दहा-बारा वेळा, दोन ते तीन सेट. गुडघ्यासाठी खुर्चीवर दोन उशा टाकून उंची वाढवली, मग काही आठवड्यांनी एक उशी काढली, नंतर दुसरी. किती जड घ्यायचं याचा नियम सोपा आहे: शेवटच्या दोन वेळा दम लागला पाहिजे, पण अजून दोन होतील असंही वाटलं पाहिजे. सहज व्हायला लागलं की पुढचा बँड. माझा पिवळ्यापासून सुरू होऊन आता हिरव्यावर आलाय. रंगांचा क्रम कंपनीप्रमाणे बदलतो, तेव्हा विचारून घ्या.

बँडबद्दल एक महत्त्वाचं. आपल्याकडच्या उन्हात गच्चीवर किंवा पत्र्याखाली ठेवला की रबर वाळून बारीक चिरा पडतात. ताणताना तुटला तर सरळ तोंडावर बसतो. मी दर वेळी उजेडाकडे धरून बघते आणि थोडी टाल्कम पावडर लावून कपाटात ठेवते.

घरात सासूबाईंची काळजी वेगळीच. "जड ओढू नको गं, अंग (गर्भाशय) बाहेर येतं." मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काकू, सासूबाईंची भीती अगदीच खोटी नाही. श्वास कोंडून जोर लावला की पोटावर आणि बीपीवर ताण येतो. जोर लावताना श्वास सोडायचा, तोंडाने आकडे मोजायचे." तेव्हापासून मी मोठ्याने मोजते. ज्यांना आधीच तो त्रास किंवा हर्निया आहे त्यांनी लाज न बाळगता पहिल्याच दिवशी सांगावं.

दिवाळीच्या आसपास सोयाबीनची आवक सुरू झाली की आम्हाला मान वर करायला वेळ नसतो. त्या काळासाठी ताईंनी दुकानातच करायचे तुकडे दिले: चहाच्या वेळी उठबस, काउंटरला धरून टाचा. चहा बिनसाखरेचा केला, उसाचा रस आणि कोल्ड्रिंक बंद. ज्वारीची भाकरी तीच, फक्त वरण घट्ट, मटकी किंवा हुलगे रोज, ताक भरपूर. येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात भज्जी आणि आंबील पोटभर खाल्ली, त्यात मला काही गैर वाटत नाही.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. मधल्या तपासणीच्या दोन दिवस आधी बँड वाढवला होता, मांड्या ठणकत होत्या. रिपोर्टमध्ये एसजीओटी (हाही लिव्हरच्या तपासणीतलाच आकडा) आणि एसजीपीटी दोन्ही वाढलेले. घरचे म्हणाले व्यायाम बंद कर. डॉक्टरांनी सीपीके (स्नायूंवर ताण पडला की रक्तात वाढणारा घटक) तपासलं, तेही वाढलेलं. म्हणजे हे स्नायूंमधून आलं होतं, लिव्हरमधून नाही. आठवडाभर जड व्यायाम न करता पुन्हा रक्त दिलं तर आकडे खाली. रक्त द्यायच्या आधी आठवडाभर हलकंच करा आणि डॉक्टरांना व्यायामाचं सांगा.

उन्हाळ्यातल्या तपासणीत एसजीपीटी ४१, सोनोग्राफीत ग्रेड एक, कंबर ९०. वजन मात्र ७१ वरून ६९, एवढंच. डॉक्टर म्हणतात वजनाचा मुद्दा संपलेला नाही: ५ टक्के उतरलं तर चरबी आणखी घटते, लिव्हरची सूज जायला ७ ते १० टक्के लागतात. आहाराचाही यात वाटा आहे, सगळं श्रेय बँडला देणार नाही. पण गुडघे इतके सुधारलेत की गंजगोलाईत बाजार करून पायी घरी येते, आणि हे चालणंही आता हिशेबात धरलं जातं.

खर्चाचं म्हणाल तर सुरुवातीच्या भेटी खिशाला लागतात. नंतर महिन्यातून एकदा दाखवलं तरी चालतं, बँड स्वस्त आहे. खेड्यातून येणाऱ्यांनी एसटीच्या फेऱ्या धरून आधीच तसं ठरवून घ्यावं.

सिऱ्होसिस (लिव्हर आकसून कडक होणं) असेल, अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतील, बीपी ताब्यात नसेल किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सुरुवात नको. फिजिओथेरपिस्टकडे जाताना सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन, शुगरचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि कुठलं दुखणं कोणत्या हालचालीने वाढतं ते कागदावर लिहून न्या. व्यायाम त्यावरच बेततात.