अडकलेला होज काढायचा हूक: टोक उत्तम, मूठ भिकार

हा हूक मी हौसेने नाही, चिडून घेतला. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बदलायला टाकलेली गाडी रेडिएटरची तोटी, म्हणजे रबरी होज जिच्यावर चढवलेला असतो ती आखूड नळी, तुटून परत आली. मेकॅनिकने मोठ्या पक्कडीत होज धरून हिसका दिला होता. वर “जुनी गाडी आहे साहेब, प्लास्टिक कुजतं” असं ऐकवून नव्या रेडिएटरचं बिल माझ्याच हातात. प्लास्टिकचं म्हणणं खोटं नाही. रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या बहुतेक काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात आणि वर्षानुवर्षं तापून-निवून ठिसूळ होतात. पण हे माहीत असूनही हिसका देणाऱ्याला काय म्हणायचं?

तेव्हापासून होज मीच काढतो, आणि या हुकाने एकही तोटी दुखावलेली नाही.

हूक म्हणजे टोकाशी वाकवलेली सळई आणि मागे मूठ. घेताना बघायचं ते त्याचं टोक. ते बोथट आणि गुळगुळीत हवं. टोकदार असलं की रबराला आतून भोक पडतं आणि तोटीवर ओरखडा उठतो. माझ्या हुकाचं टोक याबाबतीत खरंच सुरेख आहे. इंजिन पूर्ण थंड झालं की क्लिप सैल करून मागे सरकवायची, टोक तोटी आणि रबर यांच्या मधे घालायचं आणि तोटीभोवती फिरवत न्यायचं. सुरुवातीला टोक हलायलाच तयार नसतं. मग एकदम चर्र असा चिकट आवाज येतो आणि कडेने जुन्या कूलंटचा थेंब डोकावतो. तिथलं रबर सुटलं. फेरा पूर्ण झाला की होज हाताने पिळून बघायचा. गोल फिरला तर निघालाच समजा. फिरत नसेल तर ओढू नका, पुन्हा हूक घाला.

फारच कोरडं लागलं तर साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे. गंजावर मारायचा तेलकट स्प्रे नको, कारण कूलंटचे होज बहुधा ईपीडीएम रबराचे असतात आणि खनिज तेलाने ते रबर फुगतं. होज परत वापरायचा नसेल तर गोष्ट वेगळी.

आता मूठ. गोल, गुळगुळीत, चकचकीत लाल प्लास्टिक. हाताला कूलंट लागलेलं असतंच, आणि त्या बुळबुळीत हातात ही मूठ ठरत नाही. ऐन जोर लावताना टोक आत आणि मूठ मुठीत फिरतेय. खाली ठेवावी तर घरंगळते, थेट इंजिनखालच्या कव्हरवर जाऊन बसते, आणि मग ते कव्हर सोडवत बसा. अरे, शाळेतली पेन्सिलसुद्धा षटकोनी असते! शेवटी सायकलच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा ताणून चढवला. फुकटात काम झालं, पण हे पैसे घेणाऱ्यानेच करायला हवं होतं. रेटिंगमधला एक तारा याच मुठीपायी कापलाय आणि तो परत देणार नाही.

पहिले काही आठवडे मी हा हूक सगळ्यांना घ्यायला सांगत होतो. हीटरच्या होजपाशी मत जरा बदललं. तिथे हात जेमतेम पोचतो, आणि हीटर कोअरच्या (गाडीच्या आतली हवा गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या) नळ्या पातळ ॲल्युमिनियमच्या किंवा पितळेच्या. हुकाची तरफ केली की नळी चेपते, आणि कोअर गेला तर बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. असा होज जुना असेल तर सरळ ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरावा, पण आरपार नाही. थोडा थर ठेवायचा आणि चीर बोटांनी फाकवून सोलून काढायचा. ब्लेड तोटीला लागलं की लांबीभर चरा पडतो आणि नवा होज कितीही आवळा, कूलंट त्या चऱ्यातून वाट काढतं. होजच्या किमतीकडे बघून मलाही आधी जीवावर आलं होतं. कोअरची किंमत कळल्यावर आलं नाही.

हा हूक सेटमध्ये येतो. त्यातला छोटा हूक मी उलट भरताड समजून बाजूला टाकला होता. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या काढायला निघालो तेव्हा तोच कामी आला. तिथली प्लास्टिकची टोकं काडीसारखी मोडतात, आणि मोठा हूक तर आत शिरतच नाही.

इंधनाच्या लाइनवर क्विक कनेक्टर (बाजूचे कान दाबून सुटणारा जोड) असेल तर यातलं काहीच चालवू नका. आधी लाइनमधला दाब काढायचा, मग कनेक्टर थोडा आत ढकलायचा, कान दाबायचे आणि तसेच दाबून ठेवून बाहेर घ्यायचा. न ढकलता खेचला तर कान आणखी घट्ट रुततात.

सेटमधली सरळ सुई मात्र अजून कशालाच लागलेली नाही. सुटा मोठा आणि सुटा छोटा हूक मिळत असेल तर तेवढेच घ्या, आणि मूठ आधी ओल्या हाताने धरून बघा.