निधान, निधान : सोलापूरच्या रनिंग क्लबसोबत साडेसात महिने

जून २०२४ मध्ये क्लबची फी भरली आणि १९ जानेवारी २०२५ ला मुंबई मॅरेथॉनचे पूर्ण ४२.१९५ किलोमीटर पळून संपवले. वेळ लागला ५ तास ४१ मिनिटं. माझं वय ४१. पतसंस्थेत नोकरी, घरी सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. त्याआधी शेवटचं पळाले होते ते शाळेच्या स्पर्धेत. 'क्लबचा खरंच उपयोग होतो का,' असं ओळखीतल्या चार-पाच जणींनी विचारलं, म्हणून सगळं नीट लिहिते.

क्लबनं मला हळू पळायला शिकवलं. माझ्या दृष्टीनं सगळ्या फीची किंमत तिथंच वसूल झाली.

होम मैदानापाशी आम्ही पहाटे ५ ला जमतो. पहिले तीन आठवडे मी पुढच्यांच्या मागं लागून पळायचे. किल्ल्याला वळसा घालून सिद्धेश्वर तलावाकडे येईपर्यंत श्वास छातीत मावायचा नाही, आणि घरी आल्यावर दिवसभर पाय जड. शेवटी मागच्या गटातल्या एका अण्णांनी मला थांबवलं. वय ६२, घरी तेलुगू, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. म्हणाले, "ताई, निधानंगा. बोलता येतंय तेवढंच पळायचं." त्यांच्या शेजारी पळणारी अक्कलकोट रोडची मैत्रीण कन्नड बोलते. तीही मागून म्हणायची, "निधान, निधान." तेलुगूत आणि कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा. तलावाच्या कडेनं पळताना हा शब्द मी कितीतरी वेळा मनात म्हटला असेल.

यामागचं कारण क्लबच्या प्रशिक्षक सरांनी पुढे समजावलं. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जोरात पळालं की भराभर संपते. साधारण ३० किलोमीटरच्या पुढे बहुतेकांचे पाय अचानक शिशासारखे होतात ते त्यामुळं. महिनोन्‌महिने सावकाश पळत राहिलं की शरीर चरबी जास्त वापरायला शिकतं आणि तो साठा पुरवून पुरवून वापरतं. म्हणून मंगळवार, गुरुवार इझी रन, शनिवारी थोडा वेग आणि रविवारी लांबचा रन, तोही पूर्ण वाक्य बोलता येईल अशा गतीनं. मी किलोमीटरला ८ मिनिटांवर आले आणि सप्टेंबरपर्यंत १८ किलोमीटर सहज जायला लागले. एकटी पळत असते तर इतक्या हळू पळायची मला लाज वाटली असती. मागच्या गटात दहा जण त्याच गतीनं असतात, तेव्हा ती वाटत नाही.

ऑक्टोबरमध्ये पहिला २४ किलोमीटरचा रन होता आणि मी घाबरले होते. त्याच आठवड्यात कोजागरी होती. सोलापूरचे हजारो लोक त्या पौर्णिमेला तुळजापूरला चालत जातात, अंतर सुमारे ४५ किलोमीटर. आमच्या सासूबाईंनी कितीतरी वर्षं ही वारी अनवाणी केली आहे. त्यांना माझी भीती कळलीच नाही. म्हणाल्या, "मॅरेथॉन म्हणजे तुळजापूरपेक्षा थोडं कमीच की गं! पाय दुखले तर हळू हो, पण मधे बसू नकोस. बसलं की पाय भरतात." माझ्या घरातच एवढं अंतर पायाखाली घातलेली बाई आहे, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो रविवार मी त्यांच्या भरवशावर पळाले.

आता तक्रारी. वेळापत्रक सगळ्यांना एकच असतं. पंचविशीतला मुलगा आणि चाळिशीतली बाई, दोघांना आठवड्याला तेवढेच किलोमीटर. नोव्हेंबरमध्ये दोन आठवड्यांत माझं अंतर ३२ वरून ४६ वर नेलं आणि नडगीच्या आतल्या बाजूनं ठणका सुरू झाला. सरांना सांगितलं तर म्हणाले, पळून पळून जाईल. गेला नाही. फिजिओथेरपिस्टनं १२ दिवस पळणं बंद केलं, पोटऱ्यांचे व्यायाम दिले आणि अंतर एका आठवड्यात इतकं वाढवायचं नाही म्हणून बजावलं. ते १२ दिवस मला फार जड गेले. हाडाशी बोट लावल्यावर एकाच जागी दुखत असेल तर कुणाचंही ऐकू नका, पळणं थांबवा आणि दाखवून घ्या.

दुसरी तक्रार बायकांसाठी महत्त्वाची. विजापूर रोडला वडकबाळच्या दिशेनं लांबचे रन असायचे. पाण्याची सोय चांगली, लिंबू-मीठ-साखर घेऊन एक गाडी सोबत. पण तीन-साडेतीन तासांच्या रनमध्ये बायकांनी जायचं कुठं, याचा विचार कुणी केलेला नव्हता. म्हणून आम्ही कमी पाणी प्यायचो, आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत ते धोक्याचं. डिसेंबरमध्ये आम्ही सहा जणींनी एकत्र जाऊन सांगितलं, तेव्हा स्वच्छतागृह असलेले पेट्रोल पंप बघून रस्ता ठरवला गेला. हे पहिल्या महिन्यातच मागायला हवं होतं.

चढाचा सराव मात्र मनापासून करून घेतला. आपलं गाव सपाट, आणि मुंबईत पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, तीस किलोमीटर पार झाल्यावर येतो. आम्ही दर पंधरा दिवसांनी रेल्वेवरच्या पुलावर आठ-आठ वेळा चढउतार केली. तेव्हा सर ललिता बाबर यांचं नाव घ्यायचे. त्यांचा माण तालुका आपल्या माळशिरसला लागूनच. त्या दुष्काळी भागातली मुलगी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तीन वेळा पहिली आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली. पुलावरच्या सहाव्या चढाला ते नाव खरंच कामी यायचं.

शेवटचा आठवडा सोलापूरकरांसाठी अवघड, कारण मुंबई मॅरेथॉन आणि गड्ड्याची यात्रा, म्हणजे आपल्या सिद्धरामेश्वरांची संक्रांतीची यात्रा, लागूनच येतात. पायांना विश्रांती द्यायची, नेमके तेच दिवस यात्रेत मिरवणाऱ्या उंच नंदीध्वजांचे. ६८ लिंगांच्या मिरवणुकीसोबत आम्ही दरवर्षी चालतो. या वेळी मी फक्त सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला गेले आणि लगेच परतले. मन लागत नव्हतं, पण सिद्धरामेश्वरांना घरूनच हात जोडले. जेवणात शेवटचे तीन दिवस भाकरी कमी करून भात वाढवला. शेंगापोळी आणि तिळगूळ चवीपुरतंच, कारण तेलकट पदार्थ पोटात रेंगाळतात.

१८ तारखेला सकाळच्या वंदे भारतनं मुंबई गाठली, बांद्रा-कुर्ला संकुलात बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेतला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सीएसएमटीला उभी राहिले. दमट हवेबद्दल क्लबनं आधी नीट सांगायला हवं होतं. आपल्याकडे घाम वाळतो, अंगावर मीठ राहतं. तिथं घाम वाळतच नाही, त्यामुळं अंग थंड होत नाही. सी लिंक ओलांडेपर्यंत मोजे भिजून टाचेला फोड आला. अंगठ्यांना आणि टाचांना व्हॅसलीन आधीच लावा, आणि ठरवलेल्या गतीत किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंद सोडून द्या. नुसतं पाणी पीत राहू नका. घामातून मीठही जातं, त्यामुळं ओआरएस हवंच.

पेडर रोडला कितीतरी जण कठड्यावर बसलेले दिसले. मी चालले, पण बसले नाही. वर पोचल्यावर अण्णा मागून आले, काही न बोलता माझ्या बाजूला झाले, आणि मरीन ड्राइव्हपासून शेवटपर्यंत आम्ही एकाच चालीनं पळालो. पदक घरी आणलं तेव्हा सासूबाईंनी ते देव्हाऱ्यात ठेवलं. अजून तिथंच आहे.

खर्चाचं सांगते. क्लबची फी महिना ५०० रुपये, त्यात काही गैर वाटलं नाही. बूट चांगले घ्या आणि शर्यतीच्या निदान दोन महिने आधी घ्या. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर त्यांची गादी बसते, तेव्हा जूनमध्ये घेतलेल्या बुटांवर जानेवारीत विसंबू नका.

मी पुढच्या तीन महिन्यांची फी भरली आहे. भरताना सरांना सांगितलं की अंतर किती वाढवायचं ते मी फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवणार. त्यांनी मान्य केलं, आणि चाळिशीच्या पुढच्या आम्हा नऊ जणांसाठी आता वेगळा तक्ता केला आहे. पळण्याची वेळ तीच, मागच्या गटात, अण्णांच्या बाजूला.