भांडवली की महसुली? बिल नोंदवण्यापूर्वी

खर्च महसुली धरला तर तो पूर्ण त्याच वर्षीच्या नफ्यातून जातो; भांडवली धरला तर आधी मालमत्ता होतो आणि वर्षांत वाटून वजा होतो. नोंद कशीही केली तरी बँकेतून पैसे तेवढेच जातात. ती रक्कम नफ्यातून कधी वजा होते, एवढाच प्रश्न आहे. यंत्राच्या मोठ्या कामावर ३,००,००० खर्च झाले असे धरू. महसुली नोंदवले, तर यंदाचा नफा तेवढ्याने घटतो. भांडवली धरून ५ वर्षांत समान घसारा (वापराने घटणाऱ्या किमतीचा दरसालचा वाटा) काढला, तर यंदा ६०,००० वजा होतात, २,४०,००० ताळेबंदात मालमत्ता म्हणून राहतात आणि पुढची ४ वर्षे दरसाल ६०,००० नफ्यातून जातात.

नफा फुगवायचा असेल तर हात आधी इथेच जातो. वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीने इतरांचे दूरसंचार जाळे वापरण्याचा नेहमीचा खर्च मालमत्तेत ढकलला होता. २००२ मध्ये बाहेर आलेला पहिला आकडाच ३८० कोटी डॉलरचा होता.

नव्या खरेदीत बिलाची एकेक ओळ वेगळी पाहावी. यंत्र १२,००,०००, वाहतूक ४०,०००, पाया व जोडणी ६०,००० : हे १३,००,००० यंत्र खात्याला नावे. कामगारांचे प्रशिक्षण ३०,००० आणि वर्षाची देखभाल ५०,००० मात्र महसुली, मग ते त्याच बिलात का असेनात. परत मिळणारा कर किमतीत धरायचा नाही. घसारा बिलाच्या तारखेपासून नव्हे, यंत्र वापरायला तयार झाल्यापासून. तोवर रक्कम ‘चालू भांडवली काम’ या, अपुऱ्या मालमत्तेच्या खात्यात.

खरी ओढाताण दुरुस्तीत होते. तेल, पट्टा, झिजलेले बेअरिंग यांनी यंत्र फक्त चालू राहते, म्हणून ते महसुली. अख्खी मोटर बदलली आणि ती पुढची काही वर्षे चालणार असेल, तर भांडवली. पण त्याच दिवशी जुन्या मोटरची उरलेली पुस्तकी किंमत (घसारा वजा जाता पुस्तकात राहिलेली) काढून टाकावी लागते. हे हमखास राहते, आणि एका यंत्राला पुस्तकात दोन मोटरी लागतात.

कंपनीतच सॉफ्टवेअर किंवा नवे उत्पादन तयार करताना आंतरराष्ट्रीय लेखा मानक ३८ प्रमाणे संशोधनाचा टप्पा महसुलीच. विकासाचा खर्च भांडवली करायला तांत्रिक शक्यता, पूर्ण करण्याचा इरादा, पुरेसा निधी, खर्च नेमका मोजता येणे अशा सगळ्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. आधी महसुली टाकलेला खर्च पुढे अटी जुळल्या म्हणून मालमत्तेत आणता येत नाही. त्यामुळे कामाच्या तासांची नोंद पहिल्या दिवसापासून टप्प्यानुसार वेगळी हवी.

किरकोळ वस्तूंसाठी रकमेची मर्यादा (तिच्या खालचे सगळे महसुली) लेखी ठरवावी आणि दरवर्षी तीच पाळावी. नफा कमी दिसला म्हणून मार्चअखेर ती खाली आणली, तर लेखापरीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतो.