पिकअपच्या केबिनमधला घुमणारा आवाज: डॅम्पिंग शीट की रेझोनेटर?

सांगलीहून पेठ नाक्यावर महामार्गाला लागून कराड, साताऱ्याच्या पुढे रोज माल नेणाऱ्याला घाटापेक्षाही सपाट रस्त्यावर ठरावीक आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) कानात दाटून बसणारा आवाज अधिक थकवतो. त्यावर दोन उपाय आहेत: केबिनला आतून डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर शोषणारी चिकट चादर लावणे, किंवा एक्झॉस्टच्या (धुराच्या) नळीला रेझोनेटर, म्हणजे ठरावीक सुराचा आवाज दाबणारी जोडनळी बसवणे.

आधी आवाजाचे मूळ शोधावे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाने चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये गाडी चालवून पाहावी. आरपीएमबरोबर आवाज बदलला तर तो इंजिनाचा किंवा एक्झॉस्टचा. तसाच राहिला तर टायर, प्रोपेलर शाफ्ट किंवा वारा यांचा, आणि तिथे रेझोनेटरवर खर्च करू नये.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे २,१०० आरपीएमला सेकंदाला ७०. या ७० हर्ट्झच्या खर्जापुढे शीट दुबळी पडते, कारण वारंवारता जितकी कमी, तितका तो आवाज अडवायला पत्रा जड लागतो. ब्यूटाइलची (एका प्रकारच्या रबराची) शीट मुळात पत्र्याचे थरथरणे शोषते, त्यामुळे दारांची, फरशीची खडखड तिने चांगली कमी होते. तीही सगळीकडे चिकटवण्याची गरज नाही; सपाट, मोठ्या भागांच्या मध्यावर पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी बराच फरक पडतो. स्वस्त डांबरी शीट उन्हाळ्यात मऊ होते आणि तिचा वास केबिनभर पसरतो, म्हणून ती मी कुणालाही सुचवणार नाही.

रेझोनेटर नेमका खर्जावर काम करतो, पण एकाच सुराच्या आसपास. तो म्हणजे मुख्य नळीला जोडलेली, दुसरे तोंड बंद असलेली फांदी; तिची लांबी ध्वनिलहरीच्या पाव भागाइतकी लागते. बाहेरच्या हवेच्या हिशेबाने ७० हर्ट्झला ती सव्वा मीटर भरते, परंतु ३०० अंश तापलेल्या वायूत ध्वनी वेगाने जात असल्याने सुमारे १.७ मीटर लागते. हा फरक न धरता बनवलेली फांदी निरुपयोगी ठरते. महामार्गावर एकसारख्या वेगाने धावणाऱ्याला तिचा खरा लाभ होतो. तासगावच्या मळ्यांतून द्राक्षांचे क्रेट गोळा करत फिरणाऱ्याचे आरपीएम सतत बदलत असल्याने त्याला तो फारसा मिळत नाही, आणि त्याने शीटच निवडावी.

दोन्हींच्या आधी मात्र एक्झॉस्टचे रबर हँगर, इंजिन माउंटिंग, फ्लँजच्या (नळीचे तुकडे बोल्टने जोडणाऱ्या कड्यांच्या) जोडावरची काजळी, जी गळतीची खूण असते, आणि फायरवॉलमधून (इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) वायरी जातात तिथले रबर तपासावेत. मी स्वतः संपूर्ण फरशीला शीट लावून घेतली, तरी घुमणे तसेच राहिले. नंतर तुटलेल्या एका हँगरमुळे नळी चासीला टेकत असल्याचे आढळले आणि एक रबर बदलताच केबिन शांत झाली.

रेझोनेटरच ठरला, तर बीएस-६ (प्रदूषण मानकाच्या) गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात न लावता तो त्यांच्या मागच्या नळीवरच बसवून घ्यावा, आणि फांदी डिझेलच्या टाकीपासून, ब्रेकच्या नळ्यांपासून व स्टेपनीपासून पुरेशी दूर आहे, हे गाडी रॅम्पवर असतानाच स्वतः वाकून पाहावे.