निकेलेटवर पीएच.डी. करायचीय? मग कोणतं निकेलेट?

अतिसंवाहकतेवर, म्हणजे थंड केल्यावर ज्यांच्यातला विजेचा रोध पूर्ण नाहीसा होतो अशा पदार्थांवर काम करायचं आणि निकेलेट, म्हणजे निकेल असलेलं ऑक्साइड घ्यायचं, इथवर तुमचं ठरलंय. छान ठरलंय. पण या नावाखाली तीन वेगळे संसार आहेत आणि पुढची पाच वर्षं कोणत्या यंत्रासमोर जाणार, हे त्यातल्या निवडीवर अवलंबून आहे.

पहिला 2019चा, स्टॅनफर्डमधल्या हॅरॉल्ड ह्वांग यांच्या गटाचा. निओडिमियम-स्ट्रॉन्शियम निकेलेटची दहाएक नॅनोमीटर जाडीची फिल्म लेझरने चढवायची. मग तो तुकडा अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून, कॅल्शियम हायड्राइडच्या भुकटीसोबत काचेच्या नळीत सील करून 260 ते 280 अंश सेल्सिअसला काही तास ठेवायचा. निकेलच्या वरखालचा ऑक्सिजन निघून जातो, सपाट थर उरतात आणि 9 ते 15 केल्विनच्या आसपास रोध नाहीसा होतो. कमी तापवलं तर ऑक्सिजन उरतो, जास्त तापवलं तर रचनाच मोडते. हात बसायलाच खूप वेळ जातो.

दुसरा 2023चा, ग्वांगझौच्या सुन यत-सेन विद्यापीठातला. तीन लँथेनम, दोन निकेल, सात ऑक्सिजन. सुमारे 80 केल्विन, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या 77च्याही वर! पण त्यासाठी 14 गिगापास्कल दाब लागतो, वातावरणाच्या जवळजवळ एक लाख चाळीस हजार पट. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये स्फटिकाचा बारीकसा कण, शेजारी दाब मोजायला माणकाचा कण. रोध मोजता येतो, पण हिरे मध्ये असल्याने पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन काढून बघणारे प्रयोग तिथे चालत नाहीत.

तिसऱ्याची बातमी 2024च्या अखेरीस स्टॅनफर्ड आणि शेन्झेनहून आली. हाच दुसरा पदार्थ, पण फिल्म म्हणून अशा स्फटिकाच्या पायावर वाढवलेला की त्याची अणूंची जाळी आडवी सुमारे दोन टक्के दाबली जाते. हिऱ्यांशिवाय, साध्या हवेच्या दाबाला, 40 केल्विनच्या वरच रोध घसरू लागतो, म्हणजे अतिसंवाहकतेकडचं संक्रमण सुरू होतं. गंमत म्हणजे पहिल्यात ऑक्सिजन काढायचा असतो, इथे ओझोन देऊन भरावा लागतो.

मी तिसरंच घेईन. पृष्ठभाग उघडा असल्याने इलेक्ट्रॉन जोड्या कशा बांधतात, या मूळ प्रश्नाला थेट हात घालता येतो. विभागात लेझर नसेल आणि चांगली भट्टी असेल, तर मात्र दुसऱ्याचे स्फटिक वाढवा. ते काम कमी प्रतीचं मुळीच नाही. ऑक्सिजनची कमतरता नसलेला स्फटिक ज्याच्याकडे असेल, त्याच्याकडे दाबाचे प्रयोग करणारे आपणहून येतील.

आणि निकेल आपल्याकडे परकं नाही. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) निकेल असलेल्या बोरोकार्बाइडमध्ये, म्हणजे बोरॉन आणि कार्बनच्या संयुगात, 12 केल्विनची अतिसंवाहकता सापडली, ते 1994 मध्ये प्रसिद्ध झालं. ते ऑक्साइड नव्हतं, पण चुंबकीय म्हणून टाळल्या जाणाऱ्या धातूकडे तेव्हा इथल्या माणसांनी नीट बघितलं होतं.

मार्गदर्शकांना पहिल्याच भेटीत विचारा : लेझर चालू आहे का, ओझोनची सोय आहे का, आणि फिल्म बनल्यावर मोजणीला किती दिवसांनी नंबर लागतो?