टेलिग्रामचा क्विझबॉट: फोटो बघा, माणूस ओळखा, पंधरा सेकंदांत

गावोगावची, देशोदेशीची मंडळी रात्री नऊला फोनवर जमतात आणि फोटोवरून नट-नट्या, खेळाडू, लेखक ओळखतात. हा खेळ बहुतेक ठिकाणी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर चालतो आणि तिसऱ्या-चौथ्या फोटोला भांडणावर येतो. भांडणाचं कारण नेहमीचंच: ‘माझं उत्तर आधी गेलं होतं, नेट स्लो होतं.’ टेलिग्रामवरचा क्विझबॉट, म्हणजे ग्रुपमध्ये आपोआप प्रश्न टाकून गुण मोजणारा प्रोग्राम, हे भांडण बहुतांशी मिटवतो. बदल्यात खेळातली एक गंमतही काढून घेतो. ती कोणती, ते पुढे येईलच.

बॉट फुकट आहे. टेलिग्रामने जानेवारी २०२० मध्ये मतचाचणीत ‘क्विझ’ हा प्रकार आणला, त्याच्याच जोडीचा हा बॉट. टेलिग्रामच्या शोधपट्टीत नाव टाकून तो उघडा, स्टार्ट दाबा, नवीन क्विझचं बटण येतं. आधी क्विझचं नाव द्यायचं. मग वर्णन मागतो, ते वगळलं तरी चालतं. आता मुख्य काम. प्रत्येक प्रश्नाआधी फोटो पाठवायचा आणि त्यानंतर प्रश्न तयार करायचा. हा क्रम उलटला की फोटो पुढच्या प्रश्नाला चिकटतो आणि अशोक सराफांच्या फोटोखाली चार गायिकांची नावं येतात. चूक लक्षात आली तर मागे जाण्याची सोय आहे, पण ती लगेच वापरायला हवी. सगळे प्रश्न झाले की बॉट वेळ विचारतो, १० सेकंदांपासून ५ मिनिटांपर्यंत. शेवटी प्रश्न आणि पर्याय पिसायचे का, हे विचारतो. ‘ग्रुपमध्ये सुरू करा’ हे बटण दाबून ग्रुप निवडला की झालं. किमान दोघांनी ‘तयार’ म्हटल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. ग्रुपच्या परवानग्यांमध्ये मतचाचणी किंवा फोटो बंद ठेवले असतील तर बॉट अडकतो, तेवढं आदल्या दिवशी तपासा.

वेळ १५ सेकंदच ठेवा. दहा सेकंदांत साठीच्या पुढच्या खेळाडूंचा चष्मा नीट होईपर्यंत प्रश्न संपतो. तीस सेकंद दिले तर चोरीला वाव मिळतो. हल्लीच्या अनेक अँड्रॉइड फोनमध्ये होमचं बटण दाबून धरलं आणि चेहऱ्याभोवती बोट फिरवलं की गूगल तोच फोटो नेटवर कुठे आहे ते दाखवतं. सरावलेल्या हाताला यासाठी दहा-बारा सेकंद लागतात. पंधरात शोधून, वाचून, परत येऊन पर्याय दाबणं जमतं, पण प्रत्येक वेळी नाही. याहून पक्का उपाय फोटो निवडतानाच करायचा असतो. नाव टाकल्यावर पहिल्या रांगेत येणारे फोटो घेऊ नका. जुन्या मुलाखतीचा व्हिडिओ थांबवून त्यातली चौकट (फ्रेम) घ्या. ती चौकट फोटो म्हणून नेटवर सहसा नसते, त्यामुळे शोधणाऱ्याच्या हाती ‘दाढीवाला माणूस, निळा शर्ट’ एवढंच लागतं.

फोटो आडवा कापा, ४:३ किंवा ३:२. ही गोष्ट पहिल्यांदा क्विझ करणारे हमखास चुकतात. उभा फोटो आणि खाली पर्याय आले की फोटो पडद्याबाहेर सरकतो. खेळणारा वर जाऊन चेहरा बघतो, खाली येऊन नावं वाचतो, आणि वेळ संपतो. अक्षरं मोठी करून ठेवलेल्या फोनवर तर चार पर्यायांतच पडदा भरतो. पर्याय सहा केले तर डोळे मिटून दाबणाऱ्याचे गुण कमी होतात हे खरं (वीस प्रश्नांत चार पर्यायांनी सरासरी पाच, सहा पर्यायांनी तीन-साडेतीन). पण फोटो दिसलाच नाही तर त्या हिशोबाला अर्थ नाही. तेव्हा चारच.

फोटो नेहमी फोटो म्हणूनच पाठवा, फाइल म्हणून नाही. फाइल पाठवली की तिचं नाव दिसतं, आणि नेटवरून उतरवलेल्या फाइलचं नाव बहुधा त्या माणसाचंच असतं. कोपऱ्यातला वृत्तसंस्थेचा शिक्का, मागच्या फलकावरचं सिनेमाचं नाव, जर्सीवरचा क्रमांक हे सगळं कापून टाका. १० क्रमांकाची निळी जर्सी दाखवून ‘कोण?’ विचारण्यात काय हशील? फोटो आरशातल्यासारखा उलटवल्याने शोधयंत्र थोडंफार गोंधळतं, पण अक्षरंही उलटी होतात आणि भांग दुसरीकडे जातो, म्हणजे ओळखणाऱ्यालाही त्रासच.

आता खेळाचा गाभा: अवघड कसं करायचं. चेहरा उलटा लावणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय फोनवर कुचकामी आहे, कारण खेळणारा फोनच उलटा धरतो. डोळ्यांची नुसती पट्टी दाखवायची असेल तर भुवयांसकट दाखवा किंवा मुद्दाम भुवया वगळा, दोन्हींत फार फरक पडतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भुवया पुसलेले नामवंत चेहरे ओळखणं हे डोळे पुसलेल्या चेहऱ्यांपेक्षाही लोकांना जड गेलं होतं. म्हणजे शेवटच्या, निकाली प्रश्नासाठी भुवया पुसा. चौकटी-चौकटींचा धूसर फोटो करायचा तर तो आधी १६ पिक्सेल रुंदीचा करायचा आणि मग कडा मऊ न करता मोठा करायचा. जवळून बघितलं तर नुसते ठोकळे. फोन हातभर लांब धरून डोळे किलकिले केले की ठोकळ्यांच्या कडा विरतात आणि चेहरा उभा राहतो. पंधरा सेकंदांत ज्याला हे सुचतं तो जिंकतो, आणि हरलेल्याला उत्तर कळल्यावर पटतंही. चांगल्या कोड्याकडून एवढंच हवं असतं.

पर्याय लिहिणं हे फोटो निवडण्याइतकंच कसबाचं काम. रंजनाच्या कृष्णधवल फोटोखाली मुक्ता बर्वे आणि सई ताम्हणकर लिहिलं तर तो प्रश्नच नाही. आशा काळे, उषा चव्हाण, अलका कुबल लिहा, मग मंडळी थबकतात. पगडीतल्या गोखल्यांसाठी टिळक, रानडे, आगरकर असावेत. ‘सचिन’ हे नुसतं नाव कधीच लिहू नये: तेंडुलकर, पिळगावकर की खेडेकर? सोनाली कुलकर्णी तर दोन आहेत आणि दोघीही अभिनेत्रीच, एक ‘दोघी’तली आणि एक ‘नटरंग’मधली. पर्यायात १०० अक्षरं मावतात, तेव्हा सिनेमाचं नाव जोडायला कंजुषी नको. सुबोध भावे हा तर क्विझ करणाऱ्यांसाठी सापळाच आहे. पडद्यावर ते २०११ मध्ये बालगंधर्व झाले, २०१५ मध्ये लोकमान्य, २०१८ मध्ये काशिनाथ घाणेकर. भावेंचा टिळकांच्या वेशातला फोटो लावून पर्यायांत ‘टिळक’ ठेवलं तर दोन्ही उत्तरं बरोबर आणि ग्रुपवर धुरळा. प्रश्नातच लिहा: ‘नट ओळखा, भूमिका नाही.’ दिलीप प्रभावळकरांच्या रंगभूषेतल्या फोटोंनाही हाच नियम.

बालपणीच्या फोटोंची फेरी सगळ्यात रंगते आणि तीच सगळ्यात धोक्याची, कारण नेटवर फिरणारे ‘ओळखा हे कोण’ छापाचे निम्मे फोटो भलत्याच मुलांचे वाटावेत असे असतात. खात्रीचा मार्ग म्हणजे लहानपणीच कॅमेऱ्यासमोर आलेली माणसं घ्यायची. सचिन पिळगावकर, महेश कोठारे, ऊर्मिला मातोंडकर यांचे बालपणीचे चेहरे सिनेमांतच आहेत, चौकट तिथूनच उचलावी. संगणकाने बनवलेला ‘लहानपणीचा’ चेहरा लावू नये. तो कोणाचाच नसतो.

बॉटमधली एक बारीक सोय फार कमी लोक वापरतात. क्विझच्या प्रश्नाला २०० अक्षरांपर्यंत स्पष्टीकरण जोडता येतं, ते उत्तर दिल्यावर दिसतं. स्मिता पाटीलच्या फोटोला ‘सिनेमाआधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायच्या’ एवढी एक ओळ जोडली की पुढच्या प्रश्नापर्यंत ग्रुपमधल्या ज्येष्ठांना बोलायला विषय मिळतो.

आता उणिवा. पहिली मोठी: लिहून उत्तर देता येत नाही. ‘ओठांवर आहे नाव, तो नाही का, पोस्टमनचं काम केलेला...’ ही या खेळातली खरी मजा पर्यायांनी मरते. नाव समोर दिसलं की आठवणं संपतं आणि निवडणं सुरू होतं. दुसरी: चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून ठोकाठोकी चालते. तिसरी: धीम्या नेटवर फोटो उतरायच्या आत घड्याळ सुरू झालेलं असतं. यावर इलाज, प्रत्येकाने सेटिंगमध्ये फोटो आपोआप उतरवणं चालू ठेवायचं आणि क्विझ करणाऱ्याने फोटो ८०० पिक्सेलच्या आसपासच ठेवायचा. चौथी अडचण बॉटची नाही, माणसांची: मावशी-काकांकडे टेलिग्राम नसतं. उतरवून दिलं तर फोन नंबर ‘कोणालाही नाही’ असा लपवून द्या, नाहीतर अनोळखी गुंतवणूक सल्लागार दुसऱ्याच दिवशी हजर.

त्यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवरच खेळायचं तर मतचाचणी वापरू नका. तिथे कोणी काय निवडलं ते लगेच दिसतं आणि मत बदलताही येतं, मग सगळे हुशार माणसाच्या मागे जातात. लिहून उत्तरं घ्या, पण पाठवलेला मजकूर १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो हे ध्यानात ठेवा. ‘संपादित’ अशी खूण असलेलं उत्तर बाद, हा नियम आधीच सांगा. ‘लक्ष्या’ चालेल की ‘लक्ष्मीकांत बेर्डे’च हवं, हेही आधीच. एकदाच दिसणारा फोटो पाठवण्याची सोय मात्र इथे खरोखर कामाची आहे: स्क्रीनशॉट निघत नाही, शोधयंत्राला द्यायला काही उरत नाही. पण चुकून मागे गेलेल्याला फोटो पुन्हा दिसत नाही, आणि दर खेळाला असं कोणीतरी जातंच. त्यांच्यासाठी दुसरा, राखीव फोटो हाताशी असू द्या.

वेळेचं गणित: पुण्यात रात्री ९ म्हणजे दुबईत साडेसात, लंडनला हिवाळ्यात दुपारी साडेतीन, न्यू जर्सीत सकाळी साडेदहा. उन्हाळ्यात लंडन आणि न्यू जर्सी एकेक तास पुढे. सिडनीवाल्यांना मात्र मध्यरात्र उलटून जाते. त्यांना क्विझची लिंक द्या, ते सकाळी एकटे खेळतील. वीस प्रश्न, १५ सेकंद, मधली बडबड धरून अर्ध्या तासाच्या आत खेळ आटोपतो. तिशीपलीकडे प्रश्न नेले की लोक गळायला लागतात. अमेरिकेत वाढलेल्या भाच्याला घाणेकर माहीत नसतात आणि सांगलीच्या आजीला रीलवाले. वीसांत आठ जुने, आठ मधले, चार क्रिकेटपटू किंवा लेखक, असं प्रमाण दोघांनाही धरून ठेवतं.

पाचपैकी साडेतीन तारे. उरलेला दीड लिहून उत्तर देण्याची सोय येईपर्यंत राखून.